हास्तुतीनं जपून ठेवलेल्या लिंका

वातुगांदुलच्या प्राथमिक शाळेतला एकुलता एक लॅपटॉप हास्तुतीच्या ताब्यात होता. खरं तर तीच त्याच्या ताब्यात होती, पण शाळेच्या दप्तरी हे उलटं लिहिलेलं होतं आणि ते दुरुस्त करावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

लॅपटॉपवर ब्राउझर उघडला की वरच्या पट्टीत फोल्डरांची रांग दिसे. पट्टीवरची जागा संपली की उजव्या कडेला दोन बारके बाण होते. ते दाबले की उरलेली रांग खाली लोंबू लागे, आणि तिचं शेवटचं टोक कुणी पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक फोल्डर लिंकांनी भरलेला होता. वरिष्ठांकडून लिंक आली की हास्तुती ती उघडायची, पत्त्याशेजारची चांदणी दाबायची आणि लिंक जपून ठेवायची. काढून टाकायची मात्र नाही. दिलेली वस्तू देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत टाकून देण्यासारखं ते झालं असतं, आणि साहेबांचे डोळे कुठवर पोचतात याचा काही नेम नसतो.

दुसऱ्या कुणी या फोल्डरांना विषयांची नावं दिली असती: पटसंख्या, पाठ्यपुस्तकं, लसीकरण, शौचालयं. हास्तुतीच्या फोल्डरांना माणसांची नावं होती. सगळ्यात डावीकडे जिल्ह्याचे शिक्षणप्रमुख, मग त्यांच्या हाताखालचे विभागप्रमुख पाक द्राजाद, मग तालुक्याच्या पर्यवेक्षिका बू कुस्तिनाह, मग शाळेचे मुख्याध्यापक पाक सुप्रिहोनो. त्या भागात आदरानं पुरुषाला पाक म्हणत, बाईला बू. लग्नाच्या मांडवात खुर्च्या लावाव्यात तशी ही मांडणी होती. तिच्या अनुभवात काम विषयाकडून येत नसे, माणसाकडून येई. लसीकरणाची लिंक असं जगात काही नसतं. बू कुस्तिनाह यांनी दिलेली लिंक असते, आणि तिच्यात लसीकरण निघू शकतं.

या व्यवस्थेत एकच अडचण होती. सरकारी माणसं जागेवर राहत नाहीत. त्यामुळे काही फोल्डरांच्या नावापुढे कंसात 'बदली' असं लिहावं लागलं होतं, काहींपुढे 'निवृत्त', आणि एकाच्या नावामागे 'दिवंगत'. पाक सुतोपो जिल्हा कार्यालयात माहिती गोळा करण्याचं काम बघायचे. ते गेले त्याच दिवशी हास्तुतीनं दफनविधीहून परत येऊन, डोक्यावरची ओढणी सोडायच्या आधी, फोल्डरात आणि फोनमध्ये त्यांच्या नावाला 'दिवंगत' जोडलं. तेवढी रीत पाळायला हवी. पण त्यांचा फोन नंबर कार्यालयाचा होता, आणि कार्यालयानं तो पुढच्या माणसाला देऊन टाकला. नवा माणूस आपलं नाव सांगायचं विसरला आणि हास्तुतीला विचारायची भीड पडली. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत ती गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "दिवंगत पाक सुतोपोंनी हिवतापाच्या डासांच्या अळ्यांची माहिती मागवली आहे. उद्यापर्यंत."

"तुमच्याकडे बरं आहे, बू तुती," दुसरीच्या वर्गाच्या बू जुमियाती म्हणायच्या. "साहेब मेले तरी सेवेत राहतात."

तिला सगळे बू तुतीच म्हणत. नवराही बूच म्हणे, फक्त नाव गाळून.

शिंप्याची मुलगी होती ती. टायपिंगचा वर्ग तिनं केला तो शहरातल्या एखाद्या कचेरीत बसायला मिळेल म्हणून. मग या शाळेतल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी तिला काही महिन्यांपुरतं बोलावलं. ते बाळ आता शाळेच्या फाटकासमोरून मोटरसायकल दामटत जातं. बाई परत आल्याच नाहीत, नवऱ्याच्या बदलीबरोबर बोर्निओला गेल्या. आणि हास्तुतीला तू आता जा असं कुणी म्हटलं नाही, तसं राहा असंही म्हटलं नाही. ती मानधनावर राहिली. मग शाळेत पहिला संगणक आला. मुख्याध्यापकांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत विचारलं, टाइप कुणाला येतं. बाकीचे खिडकीबाहेर बघू लागले. हास्तुतीला खिडकीबाहेर बघायला सुचलं नाही.

त्या दिवसापासून तिसरीचा वर्ग आणि शाळेची सगळी ऑनलाइन माहिती तिच्याकडे. मुलांची उंची, शिक्षकांचे वाढदिवस, छपराचे पत्रे, झेंड्याचा खांब, सगळं तिनं कुठल्या ना कुठल्या पानावर भरलं होतं. शेजारच्या शाळांतले हेच काम करणारे लोकही अडलं की तिलाच फोन करत. बू तुतींकडे सगळ्या लिंका असतात अशी तिची ख्याती होती, आणि ती खरी होती. असणं आणि सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फक्त तिला माहीत होतं.

सापडत नसण्याचं कारण साधं होतं. जिल्ह्याच्या ग्रुपवर साहेबांनी लिंक टाकली की प्रत्येक शाळेनं 'सियाप, पाक' लिहायचं. म्हणजे आज्ञा पोचली, तयार आहोत. न लिहिणाऱ्याची नोंद होते असं सगळ्यांना वाटे. मग सियाप, सियाप, जोडलेले हात, गुलाबाचं फूल, सियाप अशी रांग लागे, आणि अर्ध्या तासात मूळ लिंक त्या आज्ञाधारकपणाखाली गाडली जाई. म्हणून हास्तुती आधी लिंक जपून ठेवायची आणि मग सियाप लिहायची. पण ती बहुतेक पानं आधी नाव-पासवर्ड विचारत, आणि वातुगांदुलची वीज कधीही जाई. म्हणून हास्तुती चांदणी आधी दाबायची, पासवर्ड मागाहून टाकायची. परिणाम असा, की जपलेल्या लिंकांपैकी बहुतेकांना पासवर्ड विचारणाऱ्या पानाचं एकच नाव पडलं होतं: 'साइन इन'. पाक द्राजाद यांच्या फोल्डरात वरपासून खालपर्यंत 'साइन इन' होतं. बू कुस्तिनाह यांच्याही.

नवरा मार्योतो घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत मागूर मासे पाळायचा. त्यानं एकदा तिच्या खांद्यावरून तो पडदा बघितला.

"माझ्या टाकीत मेलेला मासा दिसला की मी काढून टाकतो," तो म्हणाला. "नाहीतर पाणी नासतं."

"तुझे मासे कुणी पाठवलेले नसतात," हास्तुती म्हणाली.

मार्योतो माशांना खायला घालायला गेला.

यंदा पावसाळा संपता संपता सरकारनं जाहीर केलं, की मानधनावरच्या जुन्या शिक्षकांना कायम करणार. माहितीची पडताळणी होईल, ज्याची माहिती चोख त्याचं नाव पुढे जाईल. वातुगांदुलच्या शाळेत असे दोघंच होते, हास्तुती आणि खेळाचे शिक्षक पाक तुगिमान. नाव पुढे गेलं तर हास्तुती कायम होणार होती. नाही गेलं तर बाळंतपणाच्या रजेवरची बदली बाई म्हणूनच ती म्हातारी होणार होती.

सोमवारी पाक द्राजाद यांनी जिल्ह्याच्या ग्रुपवर पडताळणीची लिंक टाकली. हास्तुतीनं ती जपून ठेवली आणि सियाप लिहिलं. मंगळवारी बू कुस्तिनाह यांनी तालुक्याच्या ग्रुपवर दुसरी लिंक टाकली. वर लिहिलं होतं, 'कृपया ह्याच लिंकवर भरावे, म्हणजे मला लक्ष ठेवता येईल.' तालुक्यानं सियाप लिहिलं. कोणती खरी असं एकाही शाळेनं विचारलं नाही.

"विचारा की," मधल्या सुट्टीत बू जुमियाती म्हणाल्या. त्यांच्या पुढ्यात सोयाबीनच्या तेंपेची भजी होती आणि त्यांची नोकरी केव्हाच कायम झालेली होती.

"कुणाला विचारू?" हास्तुती म्हणाली. "पाक द्राजादना विचारलं तर बू कुस्तिनाहंनी चुकीची लिंक दिली असं होतं. बू कुस्तिनाहंना विचारलं तर साहेबांची लिंक चालत नाही असं होतं."

"मग एकीवर भरा आणि गप्प बसा."

"जिच्यावर भरणार नाही त्यांना काय वाटेल?"

"त्यांना कळणारही नाही, बू."

"लक्ष ठेवणार आहेत म्हणून लिहिलंय त्यांनी."

बू जुमियातींनी एक भजं उचलून तिच्या हातावर ठेवलं. वादात हरल्यावर त्या नेहमी असंच करत.

हास्तुती मुख्याध्यापकांकडे गेली. पाक सुप्रिहोनो यांची निवृत्ती जवळ आली होती आणि उरलेले दिवस कुणालाही न दुखावता काढायचे असा त्यांचा बेत होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"दोघंही आपल्याला वडीलधारेच," ते म्हणाले.

"हो, पाक."

"दोघांचाही मान राहायला हवा."

"हो, पाक."

"मग तुम्हाला कळलंच असेल."

हास्तुतीला कळलं. तिनं आपली माहिती दोन्ही लिंकांवर भरली. दोन्हीकडे तेच नाव, तोच ओळख क्रमांक, तेच कागद, तोच ओढणीतला फोटो. आधी साहेबांच्या लिंकवर, मग बाईंच्या, हुद्द्याच्या क्रमानं. काम संपल्यावर तिला लग्नघरी दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांना सारखंच वाढल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं.

बुधवारी पाक तुगिमान आले. हा माणूस ढेरी सांभाळत मैदानाच्या कडेला आंब्याखाली खुर्ची टाकून बसे आणि मुलांना पळायला सांगे. फोनमध्ये त्यानं कधी काही जपून ठेवलं नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती, कारण हास्तुती होती.

"बू, ती लिंक."

"कुठली, पाक?"

"ती आपल्याला कायम करणारी."

हास्तुतीनं पाक द्राजाद यांचा फोल्डर उघडला. साइन इन, साइन इन, साइन इन. सोमवारची लिंक यातच होती, पण एकसारख्या गणवेशातल्या पोरांच्या रांगेत आपलं पोर कोणतं ते लांबून कळू नये तसं झालं. बू कुस्तिनाह यांची मात्र अजून फोनवर अगदी वरच दिसत होती. तिनं तीच पाठवली.

"साहेबांची संध्याकाळी शोधून देते," ती ओशाळून म्हणाली. "दोन्हीवर भरायचंय."

"एक पुरे झाली की," पाक तुगिमान म्हणाले, आणि आंब्याकडे निघून गेले.

त्या आठवड्यात हास्तुतीला त्यांची काळजी वाटत राहिली. साहेबांची लिंक मुद्दाम टाळल्यासारखं दिसणार, बिचाऱ्यांचं नुकसान होणार, आणि तेही आपल्यामुळे. तिनं संध्याकाळी खरोखरच शोधली. सापडली नाही.

निकाल लागला तेव्हा यादीत पाक तुगिमान यांचं नाव होतं. हास्तुतीचं नाव शेवटी वेगळ्या मथळ्याखाली होतं. मथळा होता: 'दुबार. रद्द.'

दोन्ही लिंकांचं पाणी शेवटी एकाच तक्त्यात जात होतं. त्या तक्त्याला वडीलधारे वगैरे काही माहीत नव्हतं. एका क्रमांकाची दोन माणसं दिसली आणि त्यानं दोघांनाही बाहेर काढलं. जिनं एकदाही भरलं नसतं तिला निदान आठवण करून देणारा निरोप गेला असता.

"म्हणजे तू दोन आहेस म्हणून एकही नाहीस," मार्योतो म्हणाला. त्याला चेष्टा करायची नव्हती. त्याला हिशेब नीट समजून घ्यायचा होता.

निकालानंतरच्या बुधवारी हास्तुती जिल्हा कार्यालयात गेली. ओळखपत्र, मूळ प्रमाणपत्रं आणि दोन्ही भरलेल्या पानांचे फोटो असा गठ्ठा छातीशी धरून ती पाक द्राजाद यांच्या खोलीत शिरली. मनात वाक्य तयार होतं: पाक, लिंका दोन आल्या होत्या, म्हणून दोनदा भरलं. रस्ताभर तिनं ते घोकलं होतं.

खोलीत पाक द्राजाद यांच्या शेजारच्या खुर्चीवर बू कुस्तिनाह बसल्या होत्या.

साहेब भले होते. त्यांनी हास्तुतीला बसायला सांगितलं, झाकण घातलेल्या पेल्यातून गोड चहा मागवला, पावसाची, माशांची चौकशी केली. मग कागद चाळून ते अगदी मायेनं म्हणाले, "बू तुती, तुम्ही तर इतक्या जुन्या आणि काटेकोर. दोनदा कसं भरलंत?"

हास्तुतीनं बू कुस्तिनाह यांच्याकडे बघितलं. त्या चहाच्या झाकणाकडे बघत होत्या. तयार केलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते बोललं असतं तर या खोलीतल्या दोघांपैकी एकजण चुकीचा ठरणार होता, आणि तोही दुसऱ्याच्या देखत, तोही मानधनावरच्या एका बाईच्या तोंडून.

"माझंच चुकलं, पाक," ती म्हणाली.

बू कुस्तिनाह यांनी पेला उचलला. "होतं असं," त्या म्हणाल्या. "आमच्या बू तुती जरा जास्तच उत्साही आहेत."

"काही हरकत नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे हरकत आहे, आणि ती नोंदवायची सोयही आहे. दुबारवाल्यांसाठी हरकतीची लिंक आहे. ती मी गेल्या महिन्यातच पाठवली होती, सगळ्या तारखा यायच्या आधी. शुक्रवारी अकराला ती बंद होईल. तुम्ही ती जपून ठेवली असेलच."

"हो, पाक," हास्तुती म्हणाली. तेही खरंच होतं.

परतीच्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, की लिंक पुन्हा मागता आली असती. पण साहेब म्हणाले होते, तुम्ही जपून ठेवली असेलच. लगेच मागणं म्हणजे साहेबांचा आपल्याबद्दलचा चांगला समज त्यांच्या तोंडावर खोटा पाडणं.

गुरुवारी तिनं शोधायला सुरुवात केली. 'हरकत' हा शब्द टाकून बघितला. काही आलं नाही. सगळ्या लिंकांचं नाव साइन इन असताना तो शब्द येणार कुठून. फोनवरची जुनी बोलणी शोधावीत तर फोन भरला म्हणून तिनं ती मागेच पुसून टाकली होती. लिंका लॅपटॉपवर सुरक्षित आहेत, या भरवशावर पुसली होती. कामकाजाच्या त्या ग्रुपात शाळेतलं दुसरं कुणी नव्हतं. तिनं पलीकडच्या गावच्या शाळेतल्या माणसाला फोन लावला.

"हरकतीची लिंक?" तो म्हणाला. "मी कशाला ठेवतोय, बू. मला वाटलं लागली तर तुमच्याकडे मागू."

"माझ्याकडे सापडत नाहीये."

"तुमच्याकडे नाही म्हणजे कुणाकडेच नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात घाबरल्याची झाक होती.

शुक्रवारी सकाळी तिसरीच्या मुलांना चित्रं काढायला सांगून ती मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली. बू जुमियाती आपल्या वर्गाला पाढे लावून देऊन तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"ग्रुपवर सरळ विचारा."

"साहेबांना वाटेल मी त्या दिवशी खोटं बोलले."

"वाटू दे."

"तुम्हाला म्हणायला काय जातंय? तुम्ही कायम आहात."

बू जुमियातींनी सवयीनं शेजारी डबा चाचपला. आज भजी नव्हती.

हास्तुती पाक द्राजाद यांच्या फोल्डरातली एकेक लिंक उघडत गेली. वर्गातला पंखा कुरकुरत होता. दात घासण्याच्या दिवसाचा अहवाल: ही नोंद आता बंद आहे. झेंड्याच्या खांबाची उंची: बंद. शाळेतल्या पाण्याच्या हौदांतल्या डासांच्या अळ्या: बंद. रोपं लावा मोहीम, रोप आणि मुख्याध्यापक एका फोटोत दिसले पाहिजेत: बंद. त्या मोहिमेतलं रोप म्हणजे पाक तुगिमान ज्याच्या सावलीत बसतात ते झाड. प्रत्येक पान तिनं कधीतरी भरलेलं होतं, बऱ्याचदा रविवारी, एकदा तर ताप अंगात असताना, एकदा सासूच्या मयताच्या दिवशी स्वैपाकघराच्या दाराआड. काय भरलं ते कुठल्याच पानाला आठवत नव्हतं. सगळी पानं एकाच नम्र वाक्यात सांगत होती, की आता इथे काही घेतलं जात नाही.

पाक द्राजाद यांचा फोल्डर संपला. साहेब बदलून येण्याआधी ज्या खात्यात होते तेव्हाचा फोल्डरही संपला. लिंक नव्हती. तरी ती पुन्हा वरून सुरू झाली. साहेबांनी 'मी पाठवली' म्हटलं होतं, म्हणजे ती त्यांनीच पाठवलेली होती. फोल्डरात नसेल तर आपल्या नजरेचा दोष.

चित्रं पूर्ण झालेली मुलं वही दाखवायला येऊन उभी राहत होती. ती बघायची, छान म्हणायची, आणि पुढची लिंक उघडायची.

मशिदीतून शुक्रवारच्या नमाजाआधीचं पठण सुरू झालं तेव्हा बू जुमियाती सहज म्हणाल्या, "साहेब स्वतः सगळंच टाइप करतात का हो? त्यांचं बरंचसं कार्यालयातला तो माणूसच पाठवतो ना? तुमचा तो दिवंगत?"

हास्तुतीचा हात थांबला.

तिनं दोन बारके बाण दाबले. रांग लोंबली. ती खाली गेली, अजून खाली गेली. बदली, निवृत्त, बदली, आणि मग दिवंगत पाक सुतोपो. फोल्डर उघडला. सगळ्यात शेवटी ठेवलेली लिंक पहिल्याच क्लिकला उघडली. दुबार नोंदीबाबत हरकत. खाली तेच नम्र वाक्य होतं. अकरा वाजून गेले होते.

पाक सुतोपो जिवंत असते तर त्यांनी आणखी दहा मिनिटं ती उघडी ठेवली असती, असं हास्तुती नंतर म्हणायची. त्याला पुरावा काही नाही. पण मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला पुरावा लागत नाही.

काही आठवड्यांनी कार्यालयाचा निरोप आला: दुबार नावांचा विचार पुढच्या टप्प्यात होईल. पाक तुगिमान यांना नेमणुकीचा कागद मिळाला आणि छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. त्यांनी सगळ्यांना कोंबडीचा भात खाऊ घातला आणि हास्तुतीच्या डब्यात तंगडी वाढली. "तुमच्यामुळेच हो, बू," ते म्हणाले. "तुम्ही लिंक दिली नसती तर." नवं खातं उघडायची लिंक, विम्याची लिंक, गणवेशाच्या मापाची लिंक, सगळं त्यांना तिनंच शोधून दिलं. ह्या लिंका नव्या होत्या, लगेच सापडत होत्या.

पाक द्राजाद यांची बदली झाली. हास्तुतीनं त्यांच्या फोल्डरापुढे कंसात तसं लिहिलं आणि नव्या साहेबांसाठी शेजारी फोल्डर केला.

पुढचा टप्पा नवीन वर्षात उघडला. सोमवारी नव्या साहेबांनी लिंक टाकली. मंगळवारी बू कुस्तिनाह यांनी टाकली, कृपया ह्याच लिंकवर. हास्तुतीनं दोन्ही जपून ठेवल्या. मग ग्रुप उघडून तिनं लिहिलं: 'माफ करा, दोन लिंका आल्या आहेत, कोणत्या लिंकवर भरावे?' अंगठा बाणावर धरून ती थोडा वेळ बसली. तेवढ्यात वर सियाप, सियाप सुरू झालं होतं. सगळा तालुका तयार होता. तिनं एकेक अक्षर मागे घेतलं आणि लिहिलं, 'सियाप, बू.'

एकीवर भरायचं हे तिला या वेळी पक्कं माहीत होतं. पण कोणत्या लिंकवर, हे स्वतःच्या हातानं ठरवायचं म्हणजे दुसऱ्या माणसाला स्वतःच्या हातानं नाकारायचं. ती दुपारी उठून आंब्याकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला काम सांगितलं.

"पाक तुगिमान, माझा तेवढा फॉर्म भरून द्याल? माझे कागद सगळे देते."

बिल्ला लावलेले पाक तुगिमान खुर्चीत सरळ बसले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "देतो की. कुठल्या लिंकवर?"

"तुम्हाला दिसेल त्या. एकाच, पण."

"एकाहून जास्त मी कशाला भरेन?" ते म्हणाले, आणि या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवायला काहीच अडचण नव्हती.

तिनं दोन्ही लिंका आणि कागद त्यांच्या फोनवर पाठवले. हलक्या पावलांनी वर्गात परत आली. कोणती निवडली ते तिला कळणार नव्हतं, म्हणजे तिनं कुणालाच डावललं नव्हतं. गुरुवारपर्यंत मुदत होती.

बुधवारी दुपारी ती काहीतरी काम असल्यासारखी आंब्याजवळून गेली. मैदानात मुलं पळत होती.

"पाक, ते झालं का?"

"काय, बू?"

"माझा फॉर्म."

"हां, ते." पाक तुगिमान यांनी खिशातून फोन काढला, लांब धरून बघितला, परत खिशात टाकला. "काळजी करू नका. कालच मी ती लिंक जपून ठेवलीये. तुमचीच पद्धत, चांदणी दाबून. आता कुठे जाते?"

हास्तुती तिथेच उभी राहिली. पुन्हा विचारणं म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं झालं असतं, आणि आता ते कायम होते.

"सावकाश, पाक," ती म्हणाली.